गाडी विकली तरी आरसीवर नाव आपलंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली ऑनलाइन जाहिरात टाकून जुनी गाडी थेट समोरच्या माणसाला विकणारे आजूबाजूला बरेच दिसतात, त्यात वाईट काही नाही, मधलं कमिशन वाचतं आणि दोघांचाही फायदा होतो. पण पैसे खात्यात आले, चावी दिली की विषय संपला असं आपण धरून चालतो ना, त्याची मला खरंच काळजी वाटते. कारण आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच असता.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, त्याला फॉर्म २९, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. होतं काय, तर दोन्ही फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या घेतात, तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव पण कोरं, "राहू द्या हो, नंतर आम्ही बघतो" म्हणतात आणि कागद डॅशबोर्डच्या खणात जातात. मग गाडी अजून दोघातिघांकडे जाते, तेच कोरे फॉर्म गाडीबरोबर फिरत राहतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं असंच झालं. मोबाईलवर ई-चलानचे मेसेज येतात, उघडून बघितलं तर फोटोत त्यांचीच जुनी गाडी, नातीने मागच्या काचेवर चिकटवलेला स्टिकरसुद्धा जागेवर, आणि चालवतंय कोण ते काकांना माहीत नाही. ज्याला विकली तो आधी फोन उचलत नव्हता, उचलला तेव्हा म्हणाला मी पुढे देऊन टाकली.

चलान एकवेळ भरून टाकता येईल, अपघाताचं काय? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं होतं, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच जणांच्या हातातून गेलेली, रेकॉर्डला मात्र पहिल्याचंच नाव, आणि भरपाईची जबाबदारी कोर्टाने त्या नाव असलेल्या माणसावरच टाकली. आपण जिला वर्षानुवर्षं हातही लावला नाही अशा गाडीसाठी.

म्हणून विकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असू दे. डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याचा दोघांच्या सह्यांचा कागद, करा आणि त्यात तारखेबरोबर वेळ पण लिहा, कारण कॅमेऱ्याच्या चलानवर वेळ असते आणि त्याच दिवशी संध्याकाळी कोणी सिग्नल तोडला तर तुमच्याकडे पुरावा हवा. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची सही केलेली कॉपी घ्या, किलोमीटरचं रीडिंग लिहा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, तो फॉर्म ३५ देऊन आधी उतरवा. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो, इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट घेऊन ठेवा, नव्या गाडीला उपयोगी पडतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

पण सगळा भार विकणाऱ्यानेच का उचलायचा? नाव ट्रान्सफर करून घेणं घेणाऱ्याच्या हातात, आणि नाही केलं तर त्रास विकणाऱ्याला, हे उलटं आहे. अधिकृत डीलरला गाडी दिली तर नावावर होईपर्यंतची जबाबदारी डीलरची, असे नियम केंद्राने एप्रिल २०२३ पासून आणले, चांगलंच झालं, पण माणसाने माणसाला थेट विकलेल्या गाडीला ते लागू नाहीत. इथेही विकणाऱ्याने ऑनलाइन सूचना दिली आणि घेणाऱ्याने ओटीपीने मान्य केली की त्या मिनिटापासून गाडीचं चलान घेणाऱ्याच्या मोबाईलवर जावं आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच धरावी, यासाठी कायद्यात बदल लागला तर तो करावा. परिवहन खात्याने आणि आपल्या खासदारांनी हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक