रात्रीची प्रयोगशाळा मुलींसाठीही उघडी ठेवा

मा. उच्च शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरची निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका. मागणी एकच आहे. राज्यातल्या विद्यापीठांत रसायन आणि जीवरसायन विषयांत संशोधन करणाऱ्या मुलींना रात्री प्रयोगशाळेत काम करता यावे, असा नियम करा आणि तशी सोयही करा.

ही मागणी इंदूरने करावी याला कारण आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, इथेच जन्मल्या. त्यांची थोरली बहीण, लेखिका दुर्गाबाई भागवत, मराठी घरांत सर्वांना ठाऊक. कमलाबाईंचे नाव निघाले की मात्र आपलीच माणसे गप्प होतात, याचे मला फार वाईट वाटते. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही. ही तिसरी अट वाचताना आजही माझ्या अंगाची लाही होते.

त्यांनी सगळे निभावले. वर्षभरात रामन यांचे मत पालटले आणि मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! पुढे मुंबईत त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले, ते कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या उपयोगी पडावे म्हणून.

कमलाबाईंवर रात्रीचे काम लादले होते. आजच्या मुलीला ते स्वतःहून करायचे असते, तर तिला करू देत नाहीत. माझ्या ओळखीची एक मुलगी विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर, संशोधन करते. वसतिगृहाचे फाटक रात्री लवकर बंद होते. पेशींतून काढलेले विकर बर्फात ठेवले तरी हळूहळू मंदावत जाते, त्यामुळे मोजमाप त्याच दिवशी पुरे करावे लागते. सॉक्सलेट या उपकरणात उकळत्या द्रावकाने अर्क काढायला तासन्‌तास लागतात, आणि खाली द्रावक उकळत असताना उपकरण सोडून निघणे धोक्याचे. मग ही मुलगी एखाद्या वर्गमित्राला सांगून जाते, ‘एवढी रीडिंग्ज घेऊन ठेव.’ प्रयोग तिचा, नोंदी दुसऱ्याच्या हातच्या, आणि दर वेळी उपकार. ज्या दिवशी कोणी भेटत नाही, त्या दिवशीचा नमुना वाया जातो.

सुरक्षिततेचे कारण सांगतात. मी ते हलके मानत नाही. पण याच शहरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मध्यरात्री बायका-मुली निवांत भुट्ट्याचा कीस खात उभ्या असतात, कारण तिथे उजेड आहे, वर्दळ आहे. प्रयोगशाळेपासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे लावा, विद्यापीठाची गाडी ठेवा, रात्रपाळीला एक जाणकार कर्मचारी नेमा. एकट्याने कुणीच काम करू नये, मुलानेसुद्धा. ज्वालाग्राही द्रावकांजवळ दुसरे माणूस हवेच. विभागप्रमुखांची सही असली की वसतिगृहाने तेवढ्यावर सोडावे. पंचवीस वर्षांच्या संशोधक बाईकडे वडिलांची चिठ्ठी मागणे थांबले पाहिजे.

या योजनेला कमला सोहोनींचे नाव द्या. एखाद्या चौकालाही दिलेत तर आनंदच आहे, पण आधी ही योजना हवी.

आणि नियमाचा मसुदा करताना संशोधन करणाऱ्या मुलींना समोर बसवून विचारा. कोणता प्रयोग किती वेळ चालतो आणि रात्री कुठल्या जिन्यावर दिवा नाही, हे त्यांना नेमके माहीत आहे. येत्या सत्रापासून निदान एका विद्यापीठात सुरुवात व्हावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर