पाचारण आणि बोलावणं

नगर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय मनू,

प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. नर्स म्हणून ओरिसातल्या बोंडा आदिवासींमध्ये सेवेला जायचं ठरवलंस, हे वाचलं. फोनवर सांगितलं असतंस तर आईने मध्येच फोन ओढून घेतला असता, म्हणून पत्र लिहिलंस, हे ओळखलं मी. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग ओट्यावरची घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, “ओरिसाच का?”

तिच्या या प्रश्नामागची गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. जानेवारी १९९९ मध्ये तू झालीस. तू आठवड्याची असशील. मी दवाखान्यात डबा घेऊन निघालो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर पेपर दिसला. ओरिसातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, रात्री जीपमध्ये झोपलेले असताना जमावाने जीप पेटवून दिली होती. स्टेन्स १९६५ पासून बारीपदाला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. मी पेपर घडी करून सदऱ्याच्या आत खुपसला, बाळंतिणीला कशाला दाखवायचा म्हणून. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने तोच पेपर मोठ्याने वाचला. त्या दिवसापासून ओरिसा म्हटलं की आईला ती जीपच दिसते. आता त्याला ओडिशा म्हणतात, हे सांगून काही उपयोग नाही.

स्टेन्सच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांना सोडून त्या लगेच निघूनही गेल्या नाहीत, हे तू लिहिलं आहेस. खरं आहे. ते आईलाही ठाऊक आहे. पण क्षमा ग्लॅडिसबाईंची होती, तिची नव्हे. तिला थोडा वेळ दे.

आता माझं. तू लिहितेस, “पप्पा, मला पाचारण झालं आहे.” याच्यावर मी शंका घ्यायची म्हणजे माझी चाळीस वर्षं खोटी ठरवायची. घेत नाही. देवाने तुला बोलावलं, मान्य. माझा प्रश्न वेगळाच आहे: मलकानगिरीच्या डोंगरातल्या त्या बोंडा लोकांनी तुला बोलावलंय का? पाचारण वरून येतं, बोलावणं समोरून येतं. माझ्या उमेदीत मला हे दोन्ही एकच वाटायचं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसांनी मोजली.

पत्रात तू त्या अमेरिकन मुलाचं नाव घेतलंस, जॉन चाऊचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो मच्छीमारांना पैसे देऊन अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर तिथल्या आदिवासींना सुवार्ता सांगायला गेला आणि मारला गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता, म्हणजे आज तुझं आहे तेवढंच वय. तू त्याला हुतात्मा म्हणतेस. मला तसं म्हणवत नाही, मनू. त्याचं धैर्य खोटं नव्हतं. जाण्याआधी तो काही दिवस एकांतात राहिला होता, लशी टोचून घेतल्या होत्या, म्हणजे अगदीच अविचारी नव्हता. पण पहिल्याच दिवशी एका पोराने सोडलेला बाण त्याच्या हातातल्या बायबलमध्ये रुतला, हे त्यानेच डायरीत लिहून ठेवलं आहे. याहून स्पष्ट “नको” कसं म्हणतात?

त्या लोकांना “नको” म्हणायला कारणही आहे. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं धरून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळी आजारी पडली, म्हातारा-म्हातारी दगावली. मग पोरांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. भेटवस्तूंबरोबर आणखी काय गेलं असेल, हे नर्सला मी सांगायला नको. ग्रेट अंदमानी लोकांत १८७७ मध्ये गोवर शिरला आणि वस्त्यांच्या वस्त्या उठल्या. त्या माणसांनी सुवार्ता नाकारली असं आपण म्हणतो. पण सुवार्ता त्यांच्यापर्यंत पोचलीच कुठे? होडी पोचली.

संडेस्कूलमध्ये मी तुम्हा मुलांना इक्वेडोरची गोष्ट सांगायचो, आठवते? जानेवारी १९५६, मिशनरी जिम एलियट आणि त्याचे चार मित्र. पिवळ्या विमानातून दोरीला बादली बांधून खाली भेटी सोडायच्या, आणि मग नदीकाठच्या वाळूत तिथल्या वायोरानी आदिवासींचे भाले. फ्लॅनेलच्या फळ्यावर ते विमान चिकटवताना पोरं श्वास रोखून बसायची. आज वाटतं, ती गोष्ट मी अर्ध्यावर सोडत होतो. पुढच्याच वर्षी दोन वायोरानी बायका आपणहून जंगलाबाहेर आल्या आणि जिमच्या विधवेपाशी, एलिझाबेथपाशी राहिल्या. त्या माघारी गेल्या, आपल्या लोकांशी बोलल्या, आणि १९५८ मध्ये बोलावणं घेऊन आल्या. मग एलिझाबेथ आणि मारल्या गेलेल्या वैमानिकाची बहीण रेचेल तिथे राहायला गेल्या. एलिझाबेथच्या सोबत तीन वर्षांची पोर होती. विमानातून गेलेल्या पाच पुरुषांना पाचारण होतं. चालत गेलेल्या दोन बायकांना बोलावणंही होतं. (पुढे तेल कंपन्या आल्या, वायोरानींना एका जागी आणून बसवलं, त्यात मिशनऱ्यांचाही हात होता. ती गोष्ट फळ्यावर कुणी चिकटवत नाही.)

मेळघाटातली माझी एक गोष्टही मी सांगत नाही. आईला ठाऊक आहे, आज तुला सांगतो.

१९८६ साल. धारणीच्या अलीकडे एका कोरकू गावात मी तीन वर्षं होतो. मातीच्या दोन खोल्या, एक सायकल आणि औषधांची पत्र्याची पेटी. तिच्यात क्लोरोक्विनच्या गोळ्या, जेन्शन व्हायलेटची निळी बाटली आणि मीठ-साखरेच्या पुड्या. मी मराठीत नाहीतर शाळेतल्या हिंदीत प्रवचन करायचो. कोरकू भाषा मराठीच्या जवळपासचीही नाही. ती मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे, हे मला तिथून परत आल्यावर कळलं. तीन वर्षांत जेमतेम दोनशे शब्द शिकलो. पहिला होता “डा”, म्हणजे पाणी.

एका म्हाताऱ्याचा नातू हिवतापाने फणफणला होता. गोळी कुटून गुळात कालवून दिली, तिसऱ्या दिवशी पोर उठून बसलं. महिन्याभराने तो म्हातारा धुतलेलं धोतर नेसून दारात उभा. सोबत बायको, मुलगा, सून. म्हणाला, “पाण्यात घाला आम्हाला.” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सिपना नदीच्या डोहात चौघांना बाप्तिस्मा दिला. परत येताना पायवाटेवर तो माझ्या मागून चालत होता. शांतपणे म्हणाला, “गुरुजी, आता आपलं फिटलं.”

मी हसलो. मला वाटलं पापाबद्दल बोलतोय.

तो गोळ्यांबद्दल बोलत होता. माझ्याकडून काहीतरी घेतलं होतं आणि माझ्याजवळ त्याने देण्यासारखं काही नव्हतं. मला काय हवंय हे त्याने वर्षभर पाहिलं होतं. तेच देऊन तो मोकळा झाला. “कृपा”, “फुकट”, “देवाचं दान” असं मी दर रविवारी मराठीतून सांगत होतो आणि तो माणूस उसनवारी फेडत होता. वर्षअखेरीच्या अहवालात “नवीन बाप्तिस्मे” या रकान्यात मी चार लिहिले. वरून शाबासकी आली.

पुढच्या वर्षी त्याची म्हातारी वारली. मेलेल्यांसाठी कोरकू लोक सिडोली करतात. सागवानी लाकडाचा खांब कोरतात, त्यावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य काढतात. त्याला मुंडा म्हणतात. त्या दिवशी तो मला बोलवायला आला. माझ्याचसाठी एक खाट बाहेर काढून, वर घोंगडी अंथरून ठेवली होती. मी तिथे पोचलो, बोकड पाहिला, खांब पाहिला, आणि बाप्तिस्मा घेतलेला माणूस हे करतोय म्हणून ताडताड बोललो. जेवलोही नाही. सायकल फिरवली. मागून कुणी हाक मारली नाही.

त्या गावाने मला तीन वर्षांत दिलेलं ते एकुलतं एक बोलावणं होतं.

म्हणून ओडिशातला १९६७ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा नीट वाचून घे. आपल्या बैठकांमध्ये त्याचं नाव निघालं की सगळे “छळ, छळ” म्हणतात, आणि त्याचा बडगा निरपराध पाळकांवर चालवला जातो हेही खोटं नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला आणि सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. मला तो निकाल तेव्हा झोंबला होता. पण त्या कायद्यात बळजबरी आणि फसवणुकीच्या जोडीला एक शब्द आहे, आमिष. माझ्या हातात पेटी होती, मनू. मी आमिष म्हणून दिलं नव्हतं. त्याने काय म्हणून घेतलं, हे मी विचारलं नाही.

मात्र हे लिहिताना हात अडखळतो. आपलेच खापरपणजोबा १८७६-७८ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते आणि तिथूनच मिशनकडे आले. “दुष्काळी ख्रिस्ती” हा टोमणा मी शाळेत ऐकलाय. ते धान्यासाठी आले असतील, नव्हे, आलेच असणार. पण पाऊस पडल्यावर परत गेले नाहीत. शिकले, शिक्षक झाले, मुलींना शाळेत घातलं, आणि रेव्हरंड टिळकांचे अभंग म्हणत म्हातारे झाले. ज्या मिशनऱ्यांनी त्यांना धान्य दिलं, त्यांच्याआधीचे लोक १८१३ पासून मराठी शिकत होते. त्याच्याही दोनशे वर्षं आधी गोव्यात फादर स्टीफन्सने मराठीत ओव्या रचल्या होत्या. म्हणजे पोटासाठी आलेला माणूस खरा नसतो, असं मी म्हणू शकत नाही. म्हटलं तर मीच उरत नाही.

शामराव हिवाळ्यांबद्दल वाच. मराठी ख्रिस्ती माणूस, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातला. १९३२ मध्ये व्हेरियर एल्विन या इंग्रज पाद्र्याबरोबर मंडल्याच्या गोंडांमध्ये करंजियाला गेले, शाळा काढल्या, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांचं घर चालवलं. धर्मांतर करणार नाही म्हटल्यावर एल्विनचं आणि बिशपांचं बिनसलं, आणि एल्विनने चर्च सोडलं. त्याचं नाव जगाला माहीत आहे, त्याने तुझ्या बोंडा लोकांवरही पुस्तक लिहिलंय. शामरावांचं नाव आपल्या मंडळीतही निघत नाही. एल्विन पुढे ईशान्येकडे गेला, शामराव गोंडांतच राहिले. एल्विनला डोक्यावर घेऊ नकोस. कोसी या गोंड मुलीशी त्याने लग्न केलं आणि पुढे तिला सोडलं, तेही वाच. आणि मी काही एल्विन नाही. येशूचं नाव न घेता मला सेवा करता आली नसती, तुलाही येणार नाही. विचारलं तर सांग, मोकळेपणाने सांग. पण विचारू दे.

आता कामाचं. तुझ्या पत्रावरून मला हे कळलं नाही की खैरपूटच्या बाजूला दवाखाना कुणी मागितला. तिथल्या बायकांनी, की तुमच्या संस्थेच्या नकाशाने? हे मला आधी कळव. ती माणसं जेमतेम बारा हजार आहेत. स्वतःला ती “रेमो” म्हणवतात, म्हणजे माणूस. भाषा कोरकूच्याच कुळातली, त्यामुळे पाण्याचा शब्द तुला ओळखीचा वाटेल. पहिलं वर्ष ओडियावर भागवू नकोस. गोळीचे पैसे घेत जा, एक अंडं, मूठभर नाचणी, काहीही, पण त्याच दिवशी घे. फिटलेलं बरं. आणि अहवालात रकाना असला तर कोरा सोड. ओरडले तर माझं नाव सांग.

कुणी जेवायला बोलावलं तर जा. समोर येईल ते खा. खांब असो, बोकड असो, बस.

सोबत माझी कोरकू शब्दांची जुनी वही पाठवतोय. अक्षर लागणार नाही, पण ठेव.

तुझा,
पप्पा

ता. क. आई आत्ता येऊन विचारून गेली, कोणार्क एक्सप्रेस दौंडला किती वाजता येते आणि विशाखापट्टणमला उतरल्यावर पुढे कोरापूटपर्यंत कोण सोबत आहे. कापडबाजारातून दोन स्वेटर आणलेत. मी म्हटलं, मलकानगिरीला एवढी थंडी नसते. म्हणाली, डोंगर आहे ना? शेंगदाण्याची चटणी किती किलो करू, तेही कळव.