आई-बाबांना, लातूरहून

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं, तू जिवाला लावून घेऊ नको" म्हणते आणि विषय मिटवते. म्हणून लिहिते आहे. बाबांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

जालन्याला आंतरजिल्हा बदलीसाठी अर्ज करणार होते ना, तो मी केला नाही. ह्यांच्याशी बोलून ठरवलंय. सासूबाई आता आमच्याकडेच राहतील. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं तुटकं झालं. जाऊबाईंकडे दोन खोल्या आणि दहावी-बारावीची मुलं. बाई लावून बघितली, तर तिच्या हातून त्या पाणीसुद्धा घेईनात. शिवाय ह्यांची नोकरी इथली. म्हणजे मी एकटी आले असते तरी जीव इकडेच राहिला असता. हे सगळं तुम्हाला न सांगताही कळतं, तरी सांगत बसलेय. दादा पुण्यात, मी इथे, मग तुमच्याजवळ कोण, हा प्रश्न माझ्याही मनातून जात नाही.

सासूबाईंना जेवू घालणं हे मोठं काम आहे. पाठीशी उशा लावून ताठ बसवायचं, भाकरी दुधात कुस्करून अगदी मऊ करायची, लहान चमच्याने एक घास द्यायचा आणि गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की ठसका लागतो. कधीकधी त्या डाव्या हाताने चमचा ढकलून देतात, दूध माझ्या साडीवर, आणि शाळेची वेळ झालेली असते. अशा वेळी ओठांवर आलेला शब्द गिळायचा, पदर पुसायचा, पुन्हा चमचा भरायचा. बाबा, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली ती साखळी तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलीत : विश्वासात सात्त्विकतेची भर, सात्त्विकतेत ज्ञानाची, मग इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि सगळ्यात शेवटी प्रीती. लहानपणी वाटायचं, प्रीती पहिली का नाही? आता रोज त्या चमच्यापाशी कळतं, की धीराच्या आधी प्रीतीपर्यंत पोचताच येत नाही. आणि धीर नुसता मागून मिळत नाही. धीर धरायची वेळ रोज येते, तीच त्याची शिकवणी.

आई, तू कधी वचन समजावून सांगत बसली नाहीस. पण चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तू पदराखाली येसर मसाल्याची वाटी घेऊन भिंतीपलीकडच्या वहिनींकडे जायचीस, ते मला लख्ख आठवतं. नळाला पाणी यायचं आठ-आठ दिवसांनी, मग हंड्यांच्या नंबरावरून भांडणं ठरलेलीच. चूक कुणाची याची चर्चा नाही. "वहिनी, येसर कुटलंय, चाखून बघा," एवढंच म्हणायचीस. मी तुझा पदर धरून मागे उभी. वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाचं वचन मी फार पुढे वाचलं. तोवर मला वाटायचं, प्रभुभोजनाला येसर लागतंच!

आणि बाबांची ती बेथेलची गोष्ट. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ निजामाच्या मुलखात वसवलेलं गाव. तुम्ही नेहमी त्यांच्या उपदेशांपेक्षा तिथल्या घरांबद्दल आणि शेतीबद्दल जास्त सांगायचात. रविवारची उपासना तासाभराची, बाकीचा आठवडा शेतात आणि चुलीपाशीच जातो, खरा विश्वासू तिथे दिसतो, हे तुमचं म्हणणं. माझी चूल सध्या लातूरला आहे, बाबा. तुम्ही शिकवलंत तसंच चाललंय माझं. मनाला लावून घेऊ नका.

आता जरा माझं ऐका, दोघंही.

न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे. दादा पुढच्या आठवड्यात मिस्त्री घेऊन येईल, त्याला परत पाठवू नका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीवर ढकलायचं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला तुम्ही अध्याय पाठ म्हणता ते ऐकायला गोड वाटतं, पण रस्त्यावरचा खड्डा पाठ करता येत नाही. आई, शुगरची गोळी जेवणाआधी, आठवेल तेव्हा नाही. पाण्याचे हंडे तू उचलायचे नाहीत. आणि स्वयंपाकाला बाई ठरवली आहे, सोमवारपासून येईल.

मला ठाऊक आहे, याचाच तुम्हाला राग येणार. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलंत. दवाखान्यात आलेल्या खेड्यातल्या नातेवाइकांना आईने किती भाकऱ्या थापून दिल्या, बाबांनी रात्रपाळी संपवून किती जणांना स्टँडवर सोडलं. पण प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा 'माझे नको' म्हणणारा पेत्रच होता ना? साखळी लिहिणारा तोच पेत्र. धुऊ दिले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं प्रभूने त्याला सांगितलं. दुसऱ्याचे पाय धुणं तुम्हाला येतं. आपले पुढे करणं जड जातं, आणि नम्रता तीही आहे. तुमची लेक म्हणून हात जोडून सांगते, रागावू नका.

सुट्ट्या लागल्या की ह्यांना इथे ठेवून मी येईन. आई, तुझ्या पायांना तेल लावून देईन, तेव्हा 'नको नको' करायचं नाही. मोसंब्या आणू नका माझ्यासाठी, धपाटे मात्र हवेत, पण ते बाईकडून करून घ्यायचे आणि तू पाटावर बसून सांगायचं.

बाईच्या हाताला मीठ जरा जास्त आहे म्हणतात. तसं झालं तर मला फोन करा, तिला पहिल्याच दिवशी बोलू नका. मी सांगेन तिला नीट.

तुमची,
बेबी