सर्टिफिकेट दिलं, पुढं काय ओ?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटो बघितला, एका कंपनीनं आणि एका संस्थेनं मिळून सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलींना आयटीचं मेंटरिंग दिलं म्हणून. पोरी सर्टिफिकेट धरून उभ्या, मधे साहेब लोक, मागं फ्लेक्स. बरं वाटलं बघून, कारण दोन वर्षांखाली असल्याच एका फोटोत माझी धाकटी पण होती, दुसऱ्या रांगेत. तेव्हा नावं ठेवायला लिहीत नाही, त्या फोटोनंतर काय होतं तेवढं सांगतो.

मी पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, मिसेस विड्या करते. पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होती. दर शनिवारी संध्याकाळी ७ ला हिंजवडीच्या एक ताई तिला व्हिडिओ कॉल करायच्या. मला वाटायचं कोडिंग शिकवत असतील, पण ते यूट्यूबवर पण मिळतंय की. ताई विचारायच्या, प्रोजेक्टमधलं तू स्वतः किती केलंस आणि मैत्रिणीनं किती, येत नसेल तर सरळ येत नाही म्हण पण मग कसं शोधशील तेही सांग. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, त्यात इंग्रजी कुठं बसणार, तर ताई आधी मराठीत बोलू द्यायच्या आणि मग तेच परत इंग्रजीत म्हणून घ्यायच्या.

इंटरव्ह्यू घरूनच द्यायचा होता आणि आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचे चार माग, खटखट अशी की आपण घरात बोलतो ते पण ओरडून. आदल्या दिवशी ताईंनीच विचारलं, मागं आवाज कसला गं. मग मी शेजाऱ्याकडं गेलो, म्हणलं पाऊण तास बंद ठेवा, तर ते म्हणाले तेवढ्या कापडाचे पैसे कोण देणार. पण ठेवले बिचाऱ्यांनी, आणि पोरगी बाहेर आल्यावर पहिलं विचारायला तेच आले.

रात्रपाळीवरून मी अडून बसलो होतो. तेव्हा ताईंनी मला स्वतः फोन केला, म्हणल्या काका, आपल्या राज्यात २०१७ चा कायदा आहे, रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या मर्जीशिवाय कामावर ठेवता येत नाही, ठेवलं तर सुरक्षा आणि घरापर्यंत गाडी कंपनीनं द्यायची. कुणीतरी आपल्याशी नीट बोललं तर बाप माणूस पण ऐकतो ओ.

आता खरी अडचण. सरकारनं २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी माफ केली, लई चांगलं झालं. पण नोकरी पुण्यात, हुतात्मा एक्सप्रेसनं रोज जाऊन येण्यासारखं नाही, रूमचं डिपॉझिट, मेस, आणि पगार महिना संपल्यावर. आम्ही मिसेसच्या बचत गटातून कर्ज काढलं म्हणून निभावलं. तिच्याच बॅचमधल्या एका पोरीला ते जमलं नाही. निवड झाली होती तिची! आज ती आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या करते आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर आहे.

तेव्हा संस्थेतल्या एका मुलाला मी विचारलं की एवढे पैसे येतात तर पहिल्या दोन महिन्यांचं भाडं का नाही देत, निदान उसनं. तो म्हणला काका, सीएसआर, म्हणजे कंपन्या नफ्यातून समाजकार्याला देतात तो पैसा, वर्षाच्या बजेटवर चालतो. नंतर पोरीनंच नियम शोधून दाखवला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के द्यावे लागतात, ते सगळ्यांना माहीत आहे, पण एखादं काम चालू प्रकल्प म्हणून घेतलं तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं ३ वर्षं चालवता येतं. मग सहा महिन्यांत फ्लेक्स गुंडाळायची घाई कशाला? आणि ताई जो शनिवारचा तास देतात त्याची किंमत सीएसआरच्या खर्चात धरता येत नाही म्हणे, म्हणजे सगळ्यात कामाची गोष्ट फुकटातच मिळाली की.

अजून एक, कायदा म्हणतो कंपनी असेल त्या भागाला आधी प्राधान्य द्या, म्हणून पैसा पुण्या-मुंबईच्या आसपासच जास्त फिरतो असं मला वाटतं. पण त्या ऑफिसात बसणारी पोरं-पोरी येतात कुठून, हे पण कुणीतरी मोजा.

माझी मागणी एवढीच, पहिला पगार हातात पडेपर्यंत मेंटरचा फोन चालू ठेवा आणि जाणाऱ्या पोरीला दोन महिन्यांची उसनवारी द्या, पगारातून फेडतील. सर्टिफिकेट वाटप झालं त्याच रात्री ह्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त अॅडमिनसाठी करून टाकला होता. आज विड्या करते त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्यात स्वस्तात रूम कुणाला माहीत आहे का, असं विचारायला मेसेज टाईप केला होता, तो गेलाच नाही.

आपला,
एक पालक, पूर्व भाग, सोलापूर