अण्णांची पद्मिनी भंगारात देऊ नको

देवगड

प्रिय मंद्या,

फोनवर तू अण्णांची पद्मिनी गाडी भंगारात द्यायची म्हणालास, पण घाईत होतास म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर शिव्या दे पण वाच पूर्ण.

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो ना, तेव्हा जावयाने लॉस एंजेलिसमधल्या सिलमारला नेदरकट कलेक्शन म्हणून म्युझियम आहे तिथे नेलं. तिकीट नाही, चक्क फुकट! मला वाटलेलं जुन्या गाड्या म्हणजे दोरी लावून ठेवलेले चार खटारे. कसलं काय! 1933 ची ड्यूसेनबर्ग बघितली, चंदेरी, नाव 'ट्वेंटी ग्रँड', कारण किंमतच 20 हजार डॉलर, तीही ऐन मंदीत. शिकागोच्या प्रदर्शनासाठी बनवलेली, कोण घेणार होतं देव जाणे. हा नेदरकट मेकअपच्या सामानाच्या कंपनीचा मालक होता. त्याने 1956 मध्ये 1930 ची एक ड्यूपाँट फक्त 500 डॉलरला उचलली, दुरुस्त केली आणि 1958 ला पेबल बीचच्या देखण्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिली आणली! आणि तिथल्या गाड्या नुसत्या पुसून ठेवलेल्या नाहीत रे, चालू कंडिशनमध्ये ठेवतात.

पण मी खरा अडकलो तो आपोआप वाजणाऱ्या वाद्यांपाशी. पियानोसमोर माणूसच नाही आणि पट्ट्या आपल्या खाली-वर होतायत, अंगावर काटा आला. आत भोकं पाडलेला कागदाचा रोल असतो, तो एका पितळी पट्टीवरून सरकतो. जिथे भोक येतं तिथून हवा आत जाते, मग त्या सुराचा छोटासा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर आपटते. यातल्या साध्या प्रकारच्या पियानोंना त्यासाठी पायाने भाता मारावा लागायचा, आपल्या दशावतारातला पायपेटीवाला मारतो तस्साच! फरक इतकाच की आपली पेटी हवा ढकलते, हा ओढून घेतो. चामडं, रबर, कागद, सगळं नाजूक काम, आणि वाजवलं नाही की चामडं कडक होऊन भाता फाटतो. म्हणून तिथे वाजवून दाखवतात, काचेत बंद करून ठेवत नाहीत.

आता मुद्द्याचं. मांगरातली अण्णांची पद्मिनी भंगारवाल्याला द्यायची म्हणतोस, ते मला पटत नाही. खारं वारं पत्रा खातंच, पण निम्मं वाटोळं उभी ठेवून झालंय. काल जाऊन बघितली, दारांच्या खालच्या कडा गेल्यात, सीटखाली उंदरांनी संसार थाटलाय, पण इंजिन जाम नाहीये, टॉप गिअरला टाकून मी आणि शेजारचा पोरगा ढकलत होतो तर फिरलं! जुनं पेट्रोल काढायचं, कार्बोरेटर साफ करायचा, प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, बॅटरी नवी, ब्रेकचे वॉशर बदलायचे. नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो होईल. पत्र्याचं काम मागाहून, आधी धूर तर काढू दे.

चावी आणि आरसी बुक कुठे आहे ते आईला विचार, आणि कागदपत्रं तुझ्या नावावर झाली नसतील तर तेही बघ, नाहीतर नंतर आरटीओत खेटे घालत बसशील. खर्च निम्मा-निम्मा, पण पहिली चक्कर कुणकेश्वरला मी मारणार, आधीच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या