बर्फाच्या चादरीखाली

चिऊ बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, आप्पा, अंटार्क्टिकाला एवढी थंडी तर बर्फाखाली पाणी कसं काय राहतं, आणि मी लूमच्या खडखडाटात हो हो म्हणून फोन ठेवून दिला. दिवसभर मनाला लागलं बघ. म्हणून रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर मोबाईल घेऊन वाचत बसलो.

रशियाचं व्होस्टोक स्टेशन आहे ना, तिथं १९८३ मध्ये उणे ८९.२ डिग्री गेलं होतं, आणि त्याच्या खाली पावणेचार किलोमीटर बर्फ, आणि त्याच्याही खाली तलाव, २५० किलोमीटर लांब! म्हणजे आपण पुण्याला निघालो की मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत जातो ना, तेवढं सगळं पाणीच पाणी. गोठत का नाही तर तो बर्फच चादर झालाय. आपली चादर स्वतः कुठं गरम असते गं, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही एवढंच, तसंच जमिनीच्या पोटातली ऊब तिथं अडकून राहते, शिवाय वरून एवढा दाब की शून्याच्या खाली दोन-तीन डिग्री गेलं तरी पाणी पाणीच राहतं. आयुष्यभर चादरी विणल्या, पण हे असं कधी सुचलं नव्हतं.

आणि तिथं जीव आहेत! व्हिलन्स म्हणून दुसरा तलाव आहे, तिथं २०१३ मध्ये गरम पाण्यानं ८०० मीटर भोक पाडलं, आपले जंतू आत जाऊ नयेत म्हणून ते पाणी आधी गाळून, अल्ट्राव्हायोलेट लाईटखालून नेलेलं. एका मिलीलिटरमध्ये लाखाच्या वर पेशी निघाल्या. ऊन नाही, काही नाही, अमोनिया, मिथेन, दगडातलं गंधक यावर जगतात.

पण मला सगळ्यात आवडले ते अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातले मासे. २०२१ मध्ये जर्मनीच्या जहाजानं बर्फाखालून कॅमेरा ओढत नेला तर तळाला गोल गोल घरटीच घरटी, अंदाजे सहा कोटी, पाऊण मीटर रुंद खड्डा, बारीक खडे, अंडी, आणि बऱ्याच घरट्यांत एक मासा राखण करत बसलेला. रक्तात लाल रंगच नाही त्यांच्या. तो फोटो मी तुझ्या आईला उठवून दाखवला.

दगडातलं गंधक खाऊन जगायचं कसं, ते मात्र तूच सांग, तुझ्या मायक्रोबायोलॉजीत असेल की. रविवारी फोन कर, लूम बंद असतो. शेंगाचटणी आणि एक डबल चादर पाठवतोय.

तुझे आप्पा