जठराचा कर्करोग आणि आहारातील मीठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आहार आणि कर्करोग हा विषय निघाला की आरोग्यविषयक सदरांतून बहुधा एखाद्या फळाचे किंवा बियांचे गुणगान वाचायला मिळते. जठराच्या कर्करोगापुरते बोलायचे तर अशा कोणत्याही एका पदार्थाच्या बाजूने भक्कम पुरावा नाही; उलट ज्याच्याविरुद्ध तो बऱ्यापैकी आहे, त्या मिठाचा आणि मिठात टिकवलेल्या पदार्थांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होय. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांत, घातले होते. मात्र तो पोटात बाळगणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी थोड्यांनाच कर्करोग होतो, आणि आहाराचा प्रश्न येतो तो इथेच. अति मिठामुळे जठराच्या आतला श्लेष्माचा संरक्षक थर विस्कळीत होतो, जिवाणूमुळे आधीच सुजलेल्या अस्तराला आणखी इजा पोहोचते, आणि वर्षानुवर्षे हे चालू राहिले की अस्तरातील ग्रंथी झडून त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात. कर्करोग बहुधा या वाटेने येतो. प्रक्रिया केलेल्या मांसात ते टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइट या क्षारापासून पोटात घातक नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात. क जीवनसत्त्व ही क्रिया रोखते, म्हणून ताजी फळे खाण्याचा सल्ला योग्यच आहे, पण मिठाइतका ठोस पुरावा फळांच्या बाबतीत नाही. (तिखटाला सरसकट दोषी धरले जाते, त्याचा पुरावा तर उलटसुलटच आहे.)

विसाव्या शतकात अनेक देशांत या रोगाचे प्रमाण कोणतीही खास मोहीम न राबवता घटत गेले. स्वच्छ पाणी आणि कमी दाटीची घरे यांमुळे जिवाणूचा प्रसार मंदावला हे एक कारण. घरोघरी फ्रिज आल्यामुळे मासे-मांस खारवून ठेवण्याची गरज उरली नाही आणि ताजी भाजी बारमाही मिळू लागली, हे दुसरे. जपानमधून हवाईत स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीत हा रोग कमी आढळला, तेव्हा सारा दोष आनुवंशिकतेवर ढकलता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाकिटावर मात्र सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले. हे साधे गणित आपल्या सदरात एकदा ठळकपणे छापावे, अशी विनंती आहे.

आणखी एक सूचना. कुटुंबात जवळच्या कोणाला हा रोग झाला असेल, तर केवळ पथ्यावर विसंबून न राहता जिवाणूच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. ती श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते. मात्र आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिवाणू असूनही तो नसल्याचा निष्कर्ष निघू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात.

आपला,
एक नियमित वाचक